कऱ्हेपासून भीमेपर्यंत

बारामतीला जाणारी माणसे अलीकडे दोन तऱ्हेची असतात. एक, ज्यांचे तिथे कोणी आहे ती. आणि दुसरी, जी बारामती ‘पाहायला’ जातात. दुसऱ्यांची संख्या वर्षावर्षाला वाढते आहे. लांबलांबचे शेतकरी बसगाड्या भरभरून येतात, शाळा-कॉलेजांच्या सहली येतात, ऊस पाहतात, गोठे पाहतात, रुंद रस्ते आणि औद्योगिक वसाहत पाहतात, आणि घरी जाऊन आपल्या गावाविषयी थोडे उदास होतात. आम्हा मराठीच्या मास्तरांची तऱ्हा तिसरीच. आमची बारामती मोरोपंतांची. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे आला आणि १७९४ साली देह ठेवीपर्यंत कऱ्हेच्या काठी आर्येमागून आर्या रचीत राहिला. त्याने एकशे आठ रामायणे लिहिली, असे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुलांच्या चेहऱ्यावर पोटदुखीची कळा येते.

परंतु यंदा तोंडी परीक्षेच्या निमित्ताने तिकडे जायचे ठरले, तेव्हा माझ्या पिशवीत मोरोपंत नव्हते. दिलीप डिसोझा यांचे ‘ब्रँडेड बाय लॉ’ हे २००१ साली निघालेले इंग्रजी पुस्तक होते. त्यातही बारामती आहे. ती पाहायला मात्र सहली येत नाहीत.

मोरगावच्या गणपतीला गेलेल्या वाचकांना एक गोष्ट आठवत असेल. बारामती तालुका म्हणजे सगळा हिरवागार, अशी समजूत घेऊन आपण निघतो, आणि मोरगाव-सुप्याच्या बाजूने शिरावे तो भोवती नुसता माळ. पिवळे कुसळी गवत, मधूनच बाभळ, खाली मुरूम. एकाच तालुक्याचे हे दोन भाग. नीरेच्या डाव्या कालव्याखाली आलेला भाग बागायती झाला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उतरंडीला हा कालवा काढला आणि त्याच्या पाण्यावर पुढे कारखाने उभे राहिले. माळेगाव, सोमेश्वर, तिकडे इंदापूर तालुक्यात भवानीनगर, आणि वालचंद हिराचंदांनी वसवलेले वालचंदनगर. वरचा भाग पावसाकडे डोळे लावून बसणारा, जिरायती. ज्या कऱ्हेचे नाव आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले, ती नदीही या माळांतूनच बारामतीकडे जाते. मी गेलो तेव्हा तिच्यात पाणी कमी आणि बाभळी जास्त होत्या.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. अगदी चिमुकले, पाच चौरस किलोमीटरांहून जरासे मोठे. १९९७ साली ते चिंकाऱ्यांसाठी राखले. आमच्या यजमानांनी (तेही मराठीचेच प्राध्यापक, त्यामुळे वाटभर बोलणे कमी पडले नाही) मला सकाळी सहाला तिथे नेऊन उभे केले. थोड्या वेळाने गवतातून तीन चिंकारे निघाले. इतके नाजूक जनावर, की ते पळते आहे असे वाटतच नाही. गवतच हलले असे वाटते. परतताना यजमान म्हणाले, “या माळावर पूर्वी फासेपारध्यांचे तांडे असत. आमच्या वडिलांनी पाहिलेत.”

फासेपारधी म्हणजे फासे लावून शिकार करणारा. घोड्याच्या किंवा बैलाच्या शेपटीचे केस वळून केलेले ते फासे, आणि त्यांत सापडणारे तित्तर नि लाव्हे. कामातली सगळी कसब गवत ओळखण्यात. माळ उसाखाली गेला, उरला तो राखला गेला आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच गुन्हा ठरली. ते योग्यच झाले, चिंकारा पाहिलेला कोणीही हेच म्हणेल. फक्त त्या दिवशी माळावर दोन रहिवासी होते आणि कायद्याने त्यांतल्या एकाची व्यवस्था लावली.

पारध्याचे नाव गुन्ह्याशी जोडले गेले ते त्याआधीच. सरकारने १८७१ साली एक कायदा केला. त्या कायद्याने काही जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवता येत होत्या. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार, तर चोराचा मुलगा चोर, असा साधा हिशेब त्यामागे होता. आपल्याच जातिव्यवस्थेचा धडा साहेबाने गिरवला, असे म्हणायला हरकत नाही. १९११ साली या कायद्याची व्याप्ती देशभर वाढली, १९२४ साली तो नव्याने बांधला गेला. नावे नोंदायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी घ्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. शेजारच्या पुरंदरचा उमाजी नाईक १८३२ साली पुण्यात फासावर गेला. त्याचा रामोशी समाज म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणारा. तोही याच माळेत ओवला गेला. राखणदार आणि चोर एकाच वहीत.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. तेव्हापासून या जमाती ‘विमुक्त’. शब्द मोठा सुंदर आहे. पण शब्दांशी रोज झटापट करणाऱ्या माणसाला त्यातली अडचण लगेच दिसते: तो उच्चारला की, हे कशातून मुक्त झाले, हा प्रश्न येतोच, आणि मग मागचे सगळे पुन्हा सांगावे लागते. शिवाय १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी निराळा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नव्हते. पण ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातले नाव कोणता कायदा पुसणार?

या सगळ्या गोष्टी मला पुस्तकातून माहीत होत्या. पण ज्या गावाच्या नावाखाली त्यातले एक प्रकरण आहे, त्या गावात संध्याकाळी चहा पीत ती आठवणे निराळे.

जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी तरुण बारामतीच्या पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. मारहाणीने मेला, असे त्याच्या माणसांचे म्हणणे होते. एरवी ही बातमी जिल्ह्याच्या पानावर एक दिवस राहून गेली असती. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये, पुरुलिया जिल्ह्यात, बुधन सबर नावाचा खेडिया सबर जमातीचा तरुण असाच कोठडीत मेला होता. पोलीस म्हणाले, त्याने गळफास घेतला. सबरांनी पोलिसांना दाखवण्यापुरता एक पुतळा जाळला आणि खरा देह जमिनीत जपून ठेवला, म्हणून त्याची पुन्हा तपासणी होऊ शकली. महाश्वेतादेवींनी ते प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात लावून धरले. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी त्याच वर्षी जुलैत विधवेला भरपाई देण्याचा आणि केंद्रीय तपासाचा आदेश दिला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक गटही तेव्हाच उभा केला होता. बारामतीचे प्रकरण त्या गटाने हाती घेतले.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. अहमदाबादेत छारानगर म्हणून वस्ती आहे. छारा हेही एके काळचे कुंपणातले. तिथल्या तरुण पोरांनी आधी बुधनवर नाटक बसवले आणि पाठोपाठ ‘पिन्या हरी काळे की मौत’. म्हणजे बारामतीच्या माणसाचे मरण गुजरातेत हिंदीतून रंगमंचावर आले. मराठी ही नाट्यवेड्यांची भाषा आहे, असे मी वर्गात अभिमानाने सांगत असतो. त्या वाक्याला हल्ली जरा अडखळतो.

रात्री जेवणावर हा विषय निघाला. यजमानांच्या घरी त्यांचे दूरचे एक काका उतरले होते. परजिल्ह्यात तीस वर्षे पोलिसांत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ताटात भाकरी कुस्करीत ते सगळे ऐकत होते. मी मुद्दाम त्यांना विचारले नाही, तेच बोलले.

“सर, चोरी होते. पाच तोळे जातात. फिर्यादी असतो तालेवार. वरून फोन येतो, दोन दिवसांत मुद्देमाल हजर करा. चोर काय वाटेवर बसलेला असतो? मग ठाण्यात पहिलं नाव कुणाचं निघतं, सांगा.”

“पारध्याचं,” यजमान म्हणाले.

“ज्याच्यासाठी कोणी फोन करणार नाही, त्याचं,” काका म्हणाले. “पारधी त्यात येतो. आणि त्यांच्यात चोऱ्या करणारे नाहीतच, असं मी म्हणणार नाही. सगळ्यांत असतात. पण बाकीच्यांत आपण चोर शोधतो, इथं आधी जात धरतो आणि मग चोर.”

वहिनी वाढता वाढता थांबल्या. “पण काका, माझ्या गळ्यातलं गेलं तर मला ते परत हवंच असेल ना? ते कसं आणलं, हे मी विचारीन का?”

कोणी उत्तर दिले नाही. मला वाटते, तीन दिवसांत मी ऐकलेल्या बोलण्यांत सर्वांत प्रामाणिक वाक्य ते होते. फिर्याद आपण देतो. दागिन्यांची यादी आपल्या हस्ताक्षरात असते. दागिना परत आला की आपण साहेबांना पेढे देतो, आणि मधल्या दोन रात्रींत त्या खोलीत काय झाले ही चौकशी करण्याची आपल्यात रीत नाही.

“मारायचं म्हणून कोणी मारत नाही,” काका पुढे म्हणाले. “बोलावं म्हणून मारतात. कुठं थांबायचं ते कोणी शिकवत नाही. अन् समजा, झालं काही... तर काय लिहायचं, ते मात्र सगळ्यांना येतं. चक्कर आली. पळताना पडला. छातीत कळ आली.”

हे ‘काय लिहायचं’ फार महत्त्वाचे. अमेरिकेत मिनियापोलिसला २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस एका पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, तेव्हा पोलिसांनी पहिले निवेदन काढले त्यात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. प्रकृतीची काही तक्रार उद्भवून एक इसम दगावला, अशा अर्थाचा तो मजकूर होता. रस्त्यावरच्या एका शाळकरी मुलीने सगळे चित्रित केले नसते, तर इतिहासात तेवढाच मजकूर उरला असता. पुढच्या एप्रिलमध्ये तो पोलीस दोषी ठरला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. मिनियापोलिस आणि बारामती यांत सात समुद्रांचे अंतर आहे. पण ज्याच्या हातात माणूस मेला, तोच त्या मरणाची पहिली हकीकत लिहितो, ही व्यवस्था दोन्हीकडे सारखी.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे पिन्या काळेच्या मरणाआधी दीड वर्ष, अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्ष घ्यायची, नातेवाइकाला कळवायचे, अंगावरच्या जखमा आधीच नोंदायच्या, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी. पाहा, यातला जवळजवळ प्रत्येक नियम लिहिण्याविषयी आहे, आणि लिहिणाऱ्याच्या शेजारी दुसरा कोणीतरी उभा करण्याविषयी. २००५ साली कायद्यात बदल होऊन कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, असे ठरले. तोवर ती महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याकडे जाई. २०२० च्या डिसेंबरात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ सालीच सही केलेली आहे. पुढचे अनुमोदन मात्र राहिले, आणि २०१० साली लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयकही कायदा न होताच विरून गेले.

कागदावर एवढे सगळे असून चालते कधी, तर कोणी मागे लागले म्हणजे. परभणीचे उदाहरण ताजे आहे. सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचा अभ्यास करणारा तरुण १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मेला. वडार हेही विमुक्तांच्याच यादीतले. सुरुवातीला छातीत कळ आल्याचे सांगितले गेले. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण निघाले. त्याची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. गुन्हा नोंदवला जावा, शिक्षेचे पुढे काय ते पुढे, एवढ्यासाठी एका आईला सात-आठ महिने आणि दोन न्यायालये लागली. काकांना मी हे सांगितले, तेव्हा ते हात धुवायला उठता उठता म्हणाले, “तिच्यासाठी कोणीतरी फोन केला, सर.”

दुसऱ्या दिवशी परीक्षा आटोपून मी इंदापूरला निघालो. हा रस्ता आषाढात पाहावा. तुकोबांची पालखी बारामतीहून याच बाजूने जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला घोडा धावतो. पुढे निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला पादुकांचे नीरास्नान. मी गेलो तेव्हा वारकरी नव्हते, उसाचे ट्रॅक्टर होते. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस आणि उसावर मराठवाड्यातून तोडीला आलेली माणसे. भिगवणच्या बाजूने उजनीच्या फुगवट्याचे पाणी आत आले आहे, तिथे रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईहून मोटारी येतात. पळसदेवचे जुने देऊळ धरणात बुडाले, ते उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. इंदापूर तालुक्याला एकूणच पाण्याखाली गेलेल्या गोष्टी वर येण्याची सवय आहे.

इंदापूरच्या अलीकडे, वस्ती संपून माळ लागतो तिथे यजमानांच्या ओळखीच्या एका पारधी कुटुंबाची पाले होती. पाल म्हणण्यापेक्षा आता ताडपत्री. एक म्हातारी बाहेर चूल पेटवीत होती. आडनाव पवार. या लोकांची आडनावे काळे, भोसले, पवार, चव्हाण; घरातली बोली मात्र गुजरातीच्या वळणाची. म्हातारी आम्हाला पाहून आधी उठून उभी राहिली. ते उभे राहणे आदराचे नव्हते, सवयीचे होते. यजमानांना ओळखल्यावर बसली.

“मास्तर हाईत व्हय. म्या म्हटलं, खाकीतलं कोन आलं का काय.”

“आजी, आम्ही खाकीत कुठं आहोत?”

“आता साध्या कापडात बी येत्यात, दादा.”

तिचा नातू इंदापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. घरातला पहिला. त्याने पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. जातीच्या दाखल्याचा अर्ज होता. फासेपारधी अनुसूचित जमातीत. पालपारधी आणि राजपारधी विमुक्तांत. एकाच माळावरच्या माणसांची सरकारने अशी वाटणी करून ठेवलेली आहे. फासेपारध्याला दाखला हवा तर १९५० च्या आधीपासूनचा वास्तव्याचा पुरावा लागतो.

“आजोबांची जमीन नव्हती,” मुलगा म्हणाला. “शाळेत कोणी गेलं नाही. जन्माची नोंद नाही. तहसीलमध्ये म्हणाले, जुना कुठलाही सरकारी कागद आणा, ज्यात नाव असेल. एक सर म्हणाले, तसा कागद एकाच ठिकाणी असू शकतो.”

“कुठे?”

“पोलिसांच्या जुन्या रजिस्टरला. हजेरीच्या.”

यजमान काही बोलले नाहीत. चुलीवर चहा उकळत होता.

“मग मागितलास का तो?”

“त्यासाठी ठाण्यात जावं लागतं ना, सर.” आजीकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. “ही जाऊ देत नाही. म्हणते, दाखला नको, पण तू आत जाऊ नकोस.”

“मी येतो बरोबर,” यजमान म्हणाले. “सोमवारी. अर्ज लिहून नेऊ, त्याची पोच घेऊ.”

म्हातारीने यजमानांकडे बराच वेळ पाहिले. “दोघं जाल, दोघं याल?”

“दोघं जाऊ, दोघं येऊ, आजी.”

मला नीरा-नरसिंगपूरला जायचे होते. तिथे नीरा भीमेला मिळते आणि पुणे जिल्हा संपतो. एस.टी.ला अजून अवकाश होता. मुलाने अर्ज माझ्यापुढे सरकवला. एका रकान्यावर त्याचे बोट होते. तो त्याने कोरा सोडला होता.

“सर, तुम्ही मराठीचे आहात. ‘अधिवास’ म्हणजे काय लिहायचं इथं?”

मी म्हटले, “राहण्याचं ठिकाण. तुम्ही कायमचे जिथं राहता ते.”

त्याने मागे ताडपत्रीकडे पाहिले, माझे पेन मागून घेतले आणि तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, असे लिहिले. गावाची जागा त्याने सोमवारसाठी मोकळी ठेवली.